गिअरबॉक्समध्ये तेल मावते किती आणि घालावे किती?



घाटाखालच्या आपल्या सभासदांच्या खळ्यात आता ट्रॅक्टरच्या शेजारी एखादी चारचाकीही उभी दिसते. कोणाची स्वतःची असते, कोणाच्या मुंबईकर मुलाची चतुर्थीला आलेली असते. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना डाव्या पायाचा क्लच नाही. दांडा 'डी'वर टाकला की गाडी चालू लागते. चालवायला सोपी, घाटात तर फारच सोपी. पण ही सोय ज्या पेटीतून मिळते तिच्या पोटातल्या तेलाबद्दल आपल्याकडे फारशी माहिती नाही. मिस्त्रीकडे गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "मेस्त्र्यानू, ह्या गाडयेत तेल किती रवता?" प्रश्न बरोबरच आहे. मात्र त्याला एक उत्तर नसून दोन उत्तरे आहेत, आणि त्या दोहोंची गल्लत झाली की पेटी जाते.

पेटी जाणे म्हणजे काय ते आपल्या हिशेबात बघा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करायला लाख रुपये खर्च धरला, तर २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला ठरवलेल्या क्विंटलमागे ३५५ रुपये या एफ.आर.पी.ने तो अठ्ठावीस टन उसाचा पैसा होतो, आणि तोही तोडणी-वाहतूक वजा न करता. दोन-तीन लिटर तेलाच्या चुकीपायी अठ्ठावीस टन ऊस घालवायचा का, हा या लेखाचा विषय.

आधी तेलाचे काम समजून घेऊ. साध्या हाताच्या गिअरबॉक्समध्ये तेल एकच काम करते. दात्यांना वंगण देते आणि जाता जाता थोडी उष्णता वाहून नेते. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल गडी म्हणून राबते. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर नावाचा एक बंद डबा असतो. त्यात समोरासमोर दोन पंखे आणि मध्ये तिसरे एक झडपेसारखे चक्र असते. इंजिन पहिला पंखा फिरवते, तो तेल फेकतो आणि त्या तेलाच्या माऱ्याने दुसरा पंखा फिरतो. दोन्ही पंख्यांना जोडणारा लोखंडी दुवा सुरुवातीला काहीच नसतो, सगळा जोर तेलातून जातो. (पुढे वेग आला की आधुनिक गाड्यांत एक क्लच त्यांना बांधून टाकतो, ती गोष्ट वेगळी.) शिवाय गिअर बदलण्याचे काम पेटीतले छोटे छोटे क्लच करतात आणि त्यांना दाबून धरणारा दाबही याच तेलाचा असतो. म्हणजे जोर पोचवणे, क्लच दाबणे, वंगण आणि थंडावा अशी चार कामे एकटे तेल करते. ते कमी पडले तर चारही कामे एकदम ढिली पडतात.

किनाऱ्यावरच्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. हा टॉर्क कन्व्हर्टर मोटारीसाठी जन्मलाच नाही, तो जहाजासाठी जन्मला. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. वाफेचे टर्बाइन फार वेगात फिरते, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरला तरच पाणी नीट ढकलतो. या दोघांची सांगड कशी घालावी, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. मोटारीत ही विद्या नंतर आली. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांना हायड्रा-मॅटिक नावाची पेटी दिली आणि अशा पेट्यांसाठी 'टाइप ए' हे तेलाचे पहिले प्रमाण १९४९ मध्ये ठरवले. डेक्सरॉन हे नाव १९६७ मध्ये आले. या जुन्या तेलांत एक जिन्नस होता स्पर्म व्हेल माशाचे तेल! क्लच झटका न देता अलगद पकडावा म्हणून ते घालत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत या माशाला संरक्षण मिळाले, मग त्या जागी रासायनिक मिश्रणे आली. ज्याच्या 'उलटी'च्या चोरट्या व्यापाराच्या बातम्या आपल्या किनाऱ्यावरून अधूनमधून येतात, तोच हा मासा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, एका घरगुती सेडान गाडीच्या पेटीत एकूण सात लिटर तेल आहे. खालचा नट खोलला तर किती पडेल? सात नाही पडणार. साधारण तीन लिटर पडेल. बाकीचे चार लिटर टॉर्क कन्व्हर्टरच्या डब्यात, थंड करणाऱ्या नळ्यांत आणि झडपांच्या बारीक वाटांत अडकून राहते. विहिरीतला पंप बंद केल्यावर पाइपलाइनच्या खोलगट भागात पाणी राहते ना, तसेच. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत बहुधा दोन आकडे असतात. एक एकूण मावणाऱ्या तेलाचा, म्हणजे पेटी उघडून, कन्व्हर्टर रिकामा करून पुन्हा बसवली तर लागणाऱ्या तेलाचा. दुसरा नुसता नट खोलून काढण्या-भरण्याचा. हा दुसरा आकडा पहिल्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असतो. वरचे सात आणि तीन मी हिशेबासाठी घेतले आहेत. आपल्या गाडीचे आकडे आपल्या पुस्तिकेतूनच घ्यावेत, कारण एकाच नावाच्या गाडीत इंजिन आणि साल बदलले की पेटीही बदललेली असते.

यातून चूक दोन्ही बाजूंनी होते. कोणी तीन लिटर काढतो आणि 'सात मावते' असे वाचून सात ओततो. उलट दुसरा, पेटी उघडून दुरुस्त केल्यावर कन्व्हर्टर कोरडा असताना तीनच ओततो. तेल कमी पडले की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, फेस होतो, दाब पडतो, क्लच घसरतात आणि जळतात. हे कोणालाही पटेल. पण जास्त झाले तरी तेच होते, हे लवकर पटत नाही. तेल वर चढले की फिरणारे गिअर त्यात बुडतात आणि रवीने ताक घुसळावे तसे ते घुसळतात. पुन्हा फेस, पुन्हा दाब कमी, शिवाय हवेच्या छिद्रातून तेल बाहेर. "थोडे जास्त असलेले बरे" हा आपला डिझेलच्या टाकीचा नियम इथे चालत नाही.

मग घालावे किती? जितके निघाले तितके. हा सर्वांत खात्रीचा मार्ग. मात्र आधी पातळी पाहून घ्यावी, मगच नट खोलावा. एखाद्या सीलमधून गळून तेल अगोदरच लिटरभर कमी झालेले असेल आणि आपण निघाले तेवढेच घातले, तर ती तूट तशीच राहील.

निघालेले तेल मोजायचे कसे? इथे उसाच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. काट्यावर आपण भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करतो, तेच करायचे. रिकामा डबा तोलावा, तेलासकट तोलावा, फरक काढावा. ऑटोमॅटिकच्या तेलाचे एक लिटर साधारण ०.८५ किलो भरते. डबा ४०० ग्रॅम, तेलासकट ३ किलो, तर तेल २ किलो ६०० ग्रॅम. त्याला ०.८५ ने भागले की ३.०६ लिटर. घरातला चांगला डिजिटल काटा असला म्हणजे पुरे. कॅनवरच्या रेघांपेक्षा हे माप खरे.

पातळी बघण्यातही एक मेख आहे. तेल तापले की फुगते. दर अंशाला साधारण हजारी पाऊण हिस्सा. सात लिटर तेल ३० अंशांवरून ९० अंशांवर गेले तर ते जवळजवळ ३०० मिलिलिटरने वाढते. म्हणून गार गाडीची पट्टी आणि तापलेल्या गाडीची पट्टी वेगवेगळे सांगतात, आणि पट्टीवर 'कोल्ड' व 'हॉट' अशा दोन खुणा असतात त्या यासाठीच. बहुतेक गाड्यांत सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून दांडा सगळ्या खाचांतून एकदा फिरवून 'पी'वर आणायचा आणि मग पट्टी ओढायची. काही कंपन्या इंजिन बंद करून बघायला सांगतात, म्हणून पुस्तिका आधी वाचावी. नव्या गाड्यांत तर पट्टीच दिलेली नसते. बाजूला एक नट असतो. तेल ठरावीक उष्णतेला आले की तो खोलायचा आणि तेथून बारीक धार ठिबकू लागली की पातळी बरोबर. त्यासाठी तेलाची उष्णता यंत्रावर वाचावी लागते आणि गाडी चारी बाजूंनी सपाट उचलावी लागते. हे काम झाडाखाली दगडावर चाक चढवून करू नये. उतरणीवर उभ्या गाडीची पातळी म्हणजे कललेल्या घागरीतले पाणी.

आता एक सावधगिरी. सगळ्या 'क्लच नसलेल्या' गाड्या एका जातीच्या नसतात. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर ए.एम.टी. आली, पुढे डिझायर, टिगोर अशा सेडान गाड्यांतही ती मिळू लागली. ही आतून हाताचीच पेटी. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तिला यांत्रिक हात बसवलेला असतो. टॉर्क कन्व्हर्टर नाही, त्यामुळे तेल दोन लिटरच्या आसपास आणि नट खोलला की बहुतेक सगळे बाहेर. तिला लाल ऑटोमॅटिक तेल घालायचे नसते, तिचे स्वतःचे गिअर ऑइल असते. दुसरी जात सी.व्ही.टी., जशी २०१४ पासूनच्या पेट्रोल होंडा सिटीत. तिच्यात दाते बदलत नाहीत. दोन पुल्यांवर पोलादी पट्टा वर-खाली सरकतो, आणि त्या पट्ट्याची पकड तेलाच्या गुणावर अवलंबून असते. तिच्यात साधे ए.टी.एफ. घातले तर पट्टा घसरतो, पुलीला ओरखडे पडतात आणि काम संपते. तिसरी जात म्हणजे वर वर्णन केलेली कन्व्हर्टरची, जशी ऑटोमॅटिक सियाझमध्ये. चौथी दोन क्लचवाली. तिचे तेल पुन्हा निराळे. "ऑटोमॅटिकचा लाल तेल द्या" एवढेच सांगून दुकानातून बाटली आणणे म्हणजे "खत द्या" म्हणून पोते आणण्यासारखे आहे. आणि लाल रंगावर तर जाऊच नये. तो रंग फक्त गळती ओळखता यावी म्हणून घातलेला असतो, त्यावरून गुण कळत नाही.

बदलायचे केव्हा? काही कंपन्या हे तेल 'आयुष्यभराचे' म्हणतात. आयुष्य कोणाचे, गाडीचे की वॉरंटीचे, हे विचारायला हवे! या पेट्या बनवणारी जर्मनीची झेड.एफ. ही कंपनी स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदला असे सांगते. घाट, ओढणी, धूळ आणि गर्दी असली तर त्याहून आधी. आपल्याकडे पहिल्या तीन गोष्टी रोजच्या.

एकदा काढून घातल्याने सगळे तेल नवे होत नाही, हे वरच्या हिशेबातून निघतेच. सातातले तीन बदलले तर ५७ टक्के जुनेच राहते. गाडी काही दिवस चालवून पुन्हा तीन बदलले तर जुने ३३ टक्के उरते, आणि तिसऱ्यांदा १९ टक्के. तीन वेळांत नऊ लिटर तेल लागले. यंत्र लावून सगळे एकदम बदलण्याची सोय शहरात मिळते. माझे मत विचाराल तर साध्या वापराच्या गाडीला सावकाश दोन-तीन वेळा निचरा करणे बरे, गावच्या मिस्त्रीच्या आवाक्यातले आहे. मात्र तेल काळे होऊन जळका वास येत असेल तर क्लच आधीच जळालेले असतात. नवे तेल ते परत जोडून देणार नाही.

घाटाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली यांच्याशिवाय आपली वाट नाही. चढावर ट्रक-ट्रॉल्यांच्या मागे गाडी अडकली की काही चालक ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवतात. मागे सरकत नाही, पुढेही जात नाही. आतमध्ये काय होते? इंजिनाची सारी ताकद कन्व्हर्टरच्या तेलात उष्णता होऊन जिरते. फक्त १० किलोवॅट, म्हणजे साडेतेरा हॉर्सपॉवर, धरली तरी सात लिटर तेल दर सेकंदाला पाऊण अंशाहून जास्त तापते. मिनिटभरात पन्नास अंश! कूलर आणि लोखंड थोडी उष्णता घेतात म्हणून प्रत्यक्षात कमी होते, पण दिशा तीच. नेहमीचे ८०-९० अंश सोडून तेल १२० च्या वर गेले की ते झपाट्याने म्हातारे होते. म्हणून चढावर ब्रेकने थांबावे, पुढची गाडी चार हात सरकली की निघावे. आणि उतरताना दांडा 'डी'वर ठेवून सारखा ब्रेक दाबत येऊ नये. 'एल', '२' किंवा हाताने गिअर निवडायची खाच असेल ती लावावी, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवते.

गाडी बंद पडलीच तर? आपण काय करतो, ट्रॅक्टर आणतो, दोर बांधतो आणि ओढतो. ऑटोमॅटिक गाडीला हे करू नये. तिच्या तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, तर पंप बंद, पण रस्त्यावरची चाके मात्र आतले गिअर फिरवत राहतात आणि तेही वंगणाशिवाय. तळाशी सात लिटर तेल असून आत दुष्काळ. पुस्तिकेत जेवढे अंतर आणि वेग दिलेला असेल तेवढेच ओढावे, नाहीतर जी चाके इंजिन फिरवते ती उचलून न्यावी. घरगुती सेडान बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात, म्हणजे तोंड उचलावे. ढकलून चालू करण्याचा तर प्रश्नच नाही.

पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीची पेटी उघडून तेल पाहिल्याशिवाय गाडी चालवू नये. पेटीच्या हवेच्या छिद्रातून पाणी आत जाते, तेल दुधी गुलाबी दिसू लागते आणि क्लचला चिकटवलेले कागदी अस्तर सुटते. २०२१ च्या जुलैतल्या महापुरानंतर चिपळूणकरांना अशा किती गाड्या काढाव्या लागल्या ते आठवा.

आता ट्रॅक्टरवाल्या सभासदांनी म्हणू नये की आमचे काय. तुमचीही तीच गोष्ट, फक्त आकडा मोठा. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक यांचे तेल एकच असते आणि ते साधारण ३० ते ६० लिटर भरते. त्यालाच डंपिंग ट्रॉली जोडली की जॅकमध्ये जाणारे तेल याच पेटीतून जाते. १० सेंटिमीटर व्यासाचा आणि एक मीटर वर उठणारा जॅक धरा. ३.१४ गुणिले ५ गुणिले ५ गुणिले १००, म्हणजे ७८५० घन सेंटिमीटर, जवळजवळ आठ लिटर. चाळीस लिटरांच्या पेटीतला पाचवा हिस्सा, ट्रॉली वर असेपर्यंत बाहेर! चिरे किंवा शेणखत उताराच्या जागी रिकामे करताना पंप खरखर करतो त्याचे कारण पुष्कळदा हेच. तेलाची पातळी नेहमी जॅक आणि लिफ्टचे हात खाली करूनच पाहावी.

दुसरे असे की, आपली ट्रॉली शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला आणि शेजाऱ्याची आपल्याला असे चालतेच. दर वेळी पाइपातून आणि जॅकमधून त्याचे तेल आपल्या पेटीत येते. त्याने कोणते घातले आहे, पाणी शिरले आहे का, हे आपण विचारतो का? ज्यांचे ब्रेक तेलात बुडालेले आहेत त्यांनी हे मनावर घ्यावे. त्या ब्रेकला घर्षणाचा गुण मोजून दिलेले ट्रॅक्टर ऑइल लागते. त्या जागी मोटारीचे जाड ९० नंबरचे गिअर ऑइल घातले तर ब्रेक ओरडतात, घसरतात, आणि त्यातल्या काही प्रकारांतला गंधक पितळी भागांना खातो. भरलेली ट्रॉली घेऊन भुईबावड्याच्या वळणावर हे कळून उपयोग नाही.

काढलेल्या जुन्या तेलाचे काय करायचे? आपल्याकडे ते कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावतात, होडीला फासतात, नाहीतर मांगराच्या मागे ओतून देतात. आपली जमीन जांभ्याची. जांभा दगड सच्छिद्र, ओतलेले सगळे खाली झिरपते आणि पावसात विहिरीच्या झऱ्याला मिळते. झाकणाच्या कॅनमध्ये साठवावे आणि जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे किंवा गाडीच्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे. कॅनवर तारीख, किलोमीटर आणि निघालेले लिटर खडूने लिहून ठेवावे. पुढच्या वेळी मिस्त्रीने "किती घालूचा?" म्हणून विचारले की तोच आकडा कामी येईल.